चिकलठाण्यातला 38 वर्षांचा औषध कारखाना: दुरुस्त करावा, विकावा की कुलूप लावावं?

निशिगंध, 14 जून 2025

नमस्कार. हा धागा काढू की नको, असं गेले दोन महिने चाललं होतं. परवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला. सकाळी ग्रॅन्युलेशनच्या खोलीचं कुलूप काढलं तर फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यात ताटलीएवढा पिवळा डाग, आणि त्याच्या बरोबर खाली आरएमजी, गोळ्यांची पावडर कालवून दाणे करणारं मशीन. त्या दिवशी बॅच लागलेली नव्हती. लागली असती तर सगळी फेकून द्यावी लागली असती. तो डाग बघितल्यापासून मला नीट झोप नाही.

आधी कंपनीबद्दल सांगते. बाबांनी 1987 साली छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत ती काढली. आधी फक्त गोळ्या, मग कॅप्सूल, 1994 पासून सिरप. आजही धंदा तीन गोष्टींवर चालतो: सरकारी टेंडरचा माल, दोन कंपन्यांचं लोन लायसन्सचं काम (परवाना आणि नाव त्यांचं, माल आमच्या कारखान्यात बनतो) आणि आमचे स्वतःचे सातआठ ब्रँड, जे बीड, परभणी, हिंगोलीकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं लिहीत आलेत. उलाढाल 11 कोटींच्या आसपास. कायम कामगार 64, त्यातले निम्मे वीस वर्षांहून जास्त जुने. मी इथल्याच शासकीय फार्मसी कॉलेजची, दुसरीकडे क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) चौदा वर्षं काढून 2019 मध्ये परत आले. बाबा आता 74 वर्षांचे आहेत, पण अजून रोज सकाळी साडेआठला गेटवर असतात.

2001 मध्ये शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) बदललं आणि जुलै 2005 पासून सगळ्यांना बंधनकारक झालं, तेव्हा बाबांनी घर गहाण ठेवून इपॉक्सीची जमीन केली, भिंतींचे कोपरे गोल करून घेतले, हवा गाळून सोडणारे एएचयू बसवले. त्याच सुमारास, 2003 च्या करसवलतींमुळे, त्यांचे दोन मित्र गाशा गुंडाळून बद्दीला गेले. बाबा गेले नाहीत. माझी माणसं मुकुंदवाडीत राहतात, त्यांना हिमाचलात कुठं नेऊ, असं ते म्हणायचे.

आता पुन्हा तीच वेळ आलीय. 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेनं शेड्यूल एम नव्यानं लिहिलं गेलं. 250 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना, सुधारणेचा आराखडा देऊन अर्ज केला तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत मिळाली. आम्ही मे महिन्यात अर्ज दिला. सल्लागारानं सगळं फिरून अहवाल दिला: 4 कोटी 60 लाख खर्च आणि आठ महिने उत्पादन बंद. पैसा कदाचित उभा राहील. पण आठ महिने बंद राहिलो तर टेंडरही जाईल आणि माणसंही जातील.

भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, जागा विकून मोकळे व्हा. बाबा काहीच बोलत नाहीत. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

देवगिरी, 14 जून 2025

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जालना रोडला लागून असलेल्या प्लॉटला आज जो भाव आहे तो तुमच्या गोळ्या पंधरा वर्षं विकूनही मिळणार नाही. वय झालेल्या माणसानं कर्ज काढू नये आणि वय झालेल्या कारखान्यावरही काढू नये.

मोसंबी, 14 जून 2025

देवगिरी, एमआयडीसीचा प्लॉट आपल्या मालकीचा नसतो, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. पोटभाड्यानं दिला तरी परवानगी आणि शुल्क आहेच. वापर बदलायचा म्हटलं तर ती आणखी वेगळी फाईल. बाजारात बोलला जाणारा भाव आणि हातात पडणारी रक्कम यात बरंच अंतर असतं. मी जालन्यात सीए आहे, असे तीन व्यवहार पाहिलेत.

ताई, आकडे जरा सविस्तर टाका. त्या 4 कोटी 60 लाखांत काय काय धरलंय?

निशिगंध, 14 जून 2025

एचव्हीएसी (हवा गाळण्याची आणि थंड करण्याची यंत्रणा) 1 कोटी 70 लाख, पाण्याचा प्लांट आणि लूप 48 लाख, लॅबमध्ये दोन एचपीएलसी आणि एक गॅस क्रोमॅटोग्राफ ही रासायनिक तपासणीची यंत्रं आणि औषध किती टिकतं ते बघायचं स्टॅबिलिटी चेंबर मिळून 85 लाख, सिव्हिल आणि छत 90 लाख. उरलेलं इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर सिस्टिम, व्हॅलिडेशन आणि सल्लागाराची फी.

जुना_निरीक्षक, 15 जून 2025

मी औषध निरीक्षक म्हणून मराठवाड्यात बरीच वर्षं काढली आणि आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांच्या पिढीचे कारखाने मी आतून पाहिलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नव्या शेड्यूल एमची भीती लोकांना चुकीच्या जागी वाटते. सगळे फरशी, पॅनेल आणि एएचयूबद्दल बोलतात. ते लागतंच. पण खरा बदल आहे तो कारखान्यानं स्वतःला रोज तपासत राहण्याचा. क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट, प्रत्येक उत्पादनाचा वार्षिक आढावा, बदल करायचा तर चेंज कंट्रोल, चूक झाली तर तिच्या मुळापर्यंत चौकशी, कॉम्प्युटरवरच्या नोंदींचा माग. पूर्वी माझ्यासमोर बीएमआर (बॅच बनवतानाच्या नोंदींचा दस्तऐवज) यायचा तेव्हा दहा दिवसांची पानं एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच दमात लिहिलेली दिसायची. नवीन पॅनेल लावून ती सवय जात नाही.

तेव्हा पहिला प्रश्न इमारतीचा नाही. तुमच्याकडे किती उत्पादनं आहेत?

निशिगंध, 15 जून 2025

काका, परवान्यावर 112. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष बनवलेली 41. नफा देणारी प्रामाणिकपणे मोजली तर चौदा.

जुना_निरीक्षक, 15 जून 2025

मग बेटा, उत्तराचा निम्मा भाग तूच लिहिलास. 41 उत्पादनांचं प्रोसेस व्हॅलिडेशन, म्हणजे पद्धत दरवेळी सारखाच माल देते हे सिद्ध करणं, प्रत्येकाच्या तीन बॅचेस, प्रत्येकाची क्लीनिंग व्हॅलिडेशन, स्टॅबिलिटी, वार्षिक आढावा. तुमच्याएवढ्या कारखान्याची गुणवत्ता तपासणारी क्यूए-क्यूसी टीम ते करूच शकत नाही, मग ती टीम कागद रंगवायला लागते. तुझी चौदा उत्पादनं ठेव आणि ती जीव ओतून कर.

एक खबरदारी घे. वगळणाऱ्या यादीत किंमत नियंत्रणाखालचं एखादं औषध असेल तर एका सकाळी बंद करता येत नाही. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किमान सहा महिने आधी सरकारला कळवावं लागतं आणि जाहीर सूचना द्यावी लागते. लहान कंपन्या हे विसरतात.

गोदाकाठ, 15 जून 2025

नांदेडहून लिहितो. आमचा छोटा कारखाना होता, 2023 मध्ये उत्पादन बंद केलं. ब्रँड ठेवले, माल आता दुसऱ्याकडून लोन लायसन्सवर बनवून घेतो. सांगायला सोपं वाटतं, म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

पहिलं वर्ष फार हलकं गेलं. लाइट बिल नाही, बॉयलर नाही, सुट्टीच्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या वर्षी ज्याच्याकडे माल बनत होता त्याच्याकडे मोठ्या कंपनीची ऑर्डर आली आणि आमच्या बॅचेस मागे ढकलल्या गेल्या. अडीच महिने बाजारात माल नव्हता. खेड्यातला डॉक्टर दोनदा वाट बघतो, तिसऱ्यांदा दुसरं नाव लिहितो. शिवाय लेबलवर नाव आमचं, जबाबदारी आमची, आणि बॅच चालू असताना तिथे आमचं कुणी उभं नसतं. माझी झोप त्यानंच जाते.

कारखाना बंद केला म्हणजे सुटलो असंही नाही. बॅचचे कागद मुदत संपल्यानंतर किमान एक वर्ष सांभाळावे लागतात. माझ्या एका बॅचची मुदत 2026 मध्ये संपते. रिकाम्या शेडमधली कंट्रोल सँपलची, म्हणजे प्रत्येक बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांची, एक खोली मी अजून एसी लावून चालू ठेवलीय. तिथे जाऊन बसलो की फक्त त्या एसीचा आवाज येतो.

पॅकिंग_लाईन, 15 जून 2025

ताई, मी कारखानदार नाही. सोळा वर्षं पॅकिंगला होतो, दुसऱ्या कंपनीत, ती बंद झाली. मुलगा टाइप करायलाय आणि मी सांगायलोय.

आमच्या मालकानं शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाही. दिवाळीनंतर आलो तर गेटला कुलूप. कायद्यानं दोन महिने आधी नोटीस द्यायची असते हे आम्हाला नंतर कळलं, वकिलाकडं गेल्यावर. हिशेबाचे पैसे मिळायला चार वर्षं गेली. पैशापेक्षा एक गोष्ट लई लागली. मशीनवरची गोळी हातात घेऊन ती फुटणार का नाही हे मला कळतं. स्ट्रिपचा पॉकेट दाबला की सील कच्चं आहे का पक्कं हे कळतं. आता वाळूजला सिक्युरिटीवर आहे. तिथं ह्या कळण्याचं काय करू?

तुम्ही काय बी ठरवा, पण तुमच्या लोकांना आधी सांगा. त्यांनी चहाच्या टपरीवर ऐकायला नाही पाहिजे.

निशिगंध, 15 जून 2025

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्या सकाळी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावते आणि अहवाल आहे तसा वाचून दाखवते.

मोसंबी, 16 जून 2025

पैशाची बाजू मांडतो. उलाढाल 500 कोटींच्या आत असलेल्या औषध कारखान्यांसाठी केंद्राची आधुनिकीकरण साहाय्य योजना आहे, मार्च 2024 मध्ये सुधारली गेली. उलाढाल 50 कोटींच्या आत असेल तर खर्चाच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 1 कोटी. एचव्हीएसी, पाण्याची यंत्रणा, लॅब, स्टॅबिलिटी चेंबर, क्लीनरूम हे सगळं त्यात बसतं. पण हे पैसे आधी मिळत नाहीत. तुम्ही खर्च करायचा, काम पूर्ण दाखवायचं, मग परतावा. म्हणजे बँकेला पूर्ण रकमेचाच हिशेब दाखवावा लागेल, अनुदान धरून हप्ता बसवू नका. मी एका ग्राहकाला तसं करताना पाहिलं, तो अजून सावरलेला नाही.

बंद करण्याचा खर्चही मांडा, तो कुणी मांडत नाही. 64 कामगार म्हणजे कायद्यानं 60 दिवसांची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार नुकसानभरपाई, त्यावर ग्रॅच्युइटी वेगळी. वीस-पंचवीस वर्षांची सेवा धरून गुणाकार करा. आणि ताई, तुमच्या बाबांचा स्वभाव बघता त्याहून जास्तच दिलं जाईल हेही धरा.

डक्टवाला, 16 जून 2025

मी एचव्हीएसीची कामं करतो, वाळूज, शेंद्रा, पैठण सगळीकडे. 1 कोटी 70 लाख हा आकडा चुकीचा नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या प्रॉडक्शन ब्लॉकच्या स्लॅबची उंची किती?

निशिगंध, 16 जून 2025

12 फूट.

डक्टवाला, 16 जून 2025

तिथेच गाडी अडणार. का ते सांगतो.

गोळीच्या कारखान्यात हवेचं काम फक्त थंड करण्याचं नसतं. ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, कोटिंग, प्रत्येक खोलीत हवा गाळून सोडायची, ती तिथून खेचून घ्यायची, आणि खोलीतला दाब कॉरिडॉरपेक्षा 10 ते 15 पास्कलनं कमी ठेवायचा, म्हणजे एका औषधाची धूळ दार उघडल्यावर दुसऱ्या खोलीत जात नाही. त्यासाठी दोन दारांचे एअरलॉक लागतात. प्रत्येक खोलीला येणारा डक्ट वेगळा, जाणारा वेगळा. जाणारी हवा खोलीच्या तळातून घ्यायची म्हणजे भिंतीलगत रायझर उभे करावे लागतात, तेवढी खोली अरुंद होते. वर डक्ट, केबल, स्प्रिंकलर, लाइट आणि त्यांची दुरुस्ती करायला माणूस शिरेल एवढी पोकळी.

आता 12 फुटातून बीम आणि ही सगळी पोकळी वजा करा. कामाला साडेसात-आठ फूट राहतात. एफबीडी म्हणजे ओले दाणे वाळवायच्या मशीनची गाळणीची पिशवी (फिंगर बॅग) वर खेचून काढायला जागा उरत नाही. लोक मग पोकळी कमी करतात, डक्ट चपटे करतात, हवा पोचत नाही, पंखा मोठा घेतात, आवाज आणि बिल वाढतं, आणि दाब कधीच स्थिर राहत नाही. मे महिन्यात बाहेर 42-43 अंश कोरडी हवा, जुलैत दमट. दोन्हीत आत 25 अंशांच्या आत आणि आर्द्रता बांधून ठेवायची. जुन्या इमारतीत हे काम मी दोनदा केलं. दोन्ही वेळा मालकानं पैसे दिले, आणि दोन्ही वेळा मला स्वतःला काम आवडलं नाही.

पाण्याचंही बघा. पाण्यातले क्षार काढणारा जुना डीएम प्लांट आणि पीव्हीसी पाइप असेल तर तो दुरुस्त करू नका, काढून टाका.

नाथसागर, 16 जून 2025

पाण्याबद्दल पुढे जोडतो, मी त्याच कामात आहे. शुद्ध पाणी बनवणं सोपं, शुद्ध ठेवणं अवघड. पाणी पाइपमध्ये थांबलं की जिवाणूंची साय धरते. म्हणून लूप लागतो, 316 एल स्टीलचा, पाणी अखंड फिरतं ठेवणारा, कुठेही बंद शाखा नसलेला. जुन्या कारखान्यात कधीकाळी एखादं मशीन हलवलेलं असतं आणि त्याचा पाइप फक्त टोपी लावून बंद केलेला असतो. पहिल्या दिवशी फिरून तेवढ्या टोप्या मोजा.

आणि आपल्याकडे येणाऱ्या पाण्याचाच भरवसा नाही हे आराखड्यात घ्या. 2016 च्या उन्हाळ्यात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं उद्योगांच्या पाण्यातही कपात झाली होती. टँकरचं पाणी आलं की त्यातले क्षार रोज वेगळे. आरओ त्या हिशेबानं घ्या, आणि त्यातून बाहेर टाकलं जाणारं पाणी कूलिंग टॉवरला किंवा संडासाला वापरा.

निशिगंध, 17 जून 2025

नाथसागर, आज टोप्या मोजल्या. अकरा निघाल्या. त्यातली एक सिरपच्या मॅन्युफॅक्चरिंग टँकच्या मागे होती, आणि ती कधी बंद केली हे बाबांनाही आठवत नव्हतं.

काल कँटीनमध्ये सगळ्यांशी बोलले. शांतपणे ऐकलं. मग कॉम्प्रेशनचे ऑपरेटर उठले, 1991 पासून आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, की नवीन मशीनवर स्क्रीन असते, ती इंग्रजीत असते, ती आम्हाला शिकवणार का? मला वाटलं होतं पहिला प्रश्न पगाराचा येईल.

शेंद्र्याला, ऑरिक या नव्या औद्योगिक वसाहतीत, नवीन जागा घेऊन नवीन कारखाना बांधण्याचंही चाचपून पाहिलं. रस्ते, वीज, पाणी सगळं उत्तम. पण जागा आणि इमारत मिळून रक्कम आमच्या आवाक्याच्या दुप्पट जाते.

देवगिरी, 17 जून 2025

ताई, मी विका म्हणालो होतो. तो ऑपरेटरचा प्रश्न वाचून जरा थांबलो. फूड सप्लिमेंटचा विचार केलात का? प्रोटीन पावडर वगैरे. नियम हलके आहेत.

निशिगंध, 17 जून 2025

विचार केला. परवाना एफएसएसएआयचा, गुंतवणूक कमी, हे खरं. पण आम्ही 38 वर्षं ताप उतरवणारी, रक्तदाबाची, जंताची औषधं केली. परभणीच्या शासकीय रुग्णालयात आमच्या गोळ्यांची खोकी ठेवलेली मी पाहिलीत. ते सोडून डब्यावर मोठी अक्षरं छापायला माझं मन होत नाही. दुसऱ्या कुणी केलं तर मी नावं ठेवणार नाही.

डक्टवाला, 17 जून 2025

एक विचारतो. तुमचं गोडाऊन कुठे आहे? त्याच प्लॉटवर?

निशिगंध, 17 जून 2025

हो, मागच्या बाजूला. लोखंडी ट्रसची शेड, सिमेंटचे पत्रे, 1996 ची. उंची कडेला 20 फूट.

डक्टवाला, 17 जून 2025

मग सल्लागारानं उलटं का केलं नाही?

गोडाऊन प्रॉडक्शनला घ्या, जुना प्रॉडक्शन ब्लॉक गोडाऊनला. 20 फुटी शेडमध्ये पफ पॅनेलच्या (आत फोम भरलेल्या पत्र्यांच्या) खोल्या पेटीत पेटी ठेवावी तशा उभ्या राहतात. वर चालता येईल असं सीलिंग, त्यावर सगळे डक्ट, दुरुस्तीला माणूस वरूनच जातो, खालच्या खोलीत शिरत नाही. तुमचा तो पिवळा डाग कायमचा जातो, कारण बाहेरचं छप्पर आणि खोलीचं छप्पर वेगळं. जुन्या 12 फुटी खोल्या कच्च्या मालासाठी उत्तम आहेत, तापमान राखायला सोप्या, क्वारंटाइन आणि मंजूर माल वेगळा ठेवायला भिंती तयारच आहेत.

आणि मुख्य म्हणजे नवीन ब्लॉक उभा राहीपर्यंत जुन्यात काम चालू राहतं. गोडाऊनचा माल तेवढे महिने भाड्याच्या जागेत ठेवा. सिमेंटचे पत्रे उतरवताना फोडू नका, त्यात ॲसबेस्टॉस असतं. ओले करून, अख्खे उतरवून, अधिकृत विल्हेवाटीला द्या.

जुना_निरीक्षक, 17 जून 2025

उत्तम सुचवलंत. फक्त दोन सूचना. भाड्याच्या जागेत परवानगीशिवाय औषधाचा माल ठेवू नका, ती जागाही परवान्यात यावी लागते. आणि नवीन लेआउट आधी मंजूर करून घ्या, मग पॅनेल मागवा. पॅनेल लावून मग नकाशा दाखवायला आलेले लोक मी पाहिलेत. माणसाच्या येण्याची वाट, मालाची वाट आणि कचऱ्याची वाट तीन रंगांनी काढा. तीन रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथेच निरीक्षकाचं बोट पडतं.

आता कळीचा प्रश्न, बेटा. सिरपचं काय करणार?

निशिगंध, 18 जून 2025

सिरप बाबांचा जीव आहे, काका. कफ सिरपचा तो फॉर्म्युला त्यांनी स्वतः बसवला. मी अजून त्यांच्याशी हा विषय काढलेला नाही.

जुना_निरीक्षक, 18 जून 2025

काढ. ऑक्टोबर 2022 मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंशी भारतीय सिरपचा संबंध असू शकतो असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी दिवसभर जेवलो नाही. सिरपमध्ये जातात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल. त्यांच्या ड्रममध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही, आणि ते रंगानं, वासानं, चवीनं ओळखता येत नाही. प्रत्येक ड्रमचं सँपल, प्रत्येकाची गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासणी. व्यापाऱ्याचं सर्टिफिकेट म्हणजे तपासणी नव्हे. तुमच्याकडे ते मशीन आज नाही. म्हणजे आज तुम्ही बाहेरच्या लॅबवर आहात, आणि वर्षाला सिरपच्या बॅचेस किती? ज्या विभागावर मान ताठ ठेवून पहारा देता येत नाही तो चालवू नये.

निशिगंध, 12 ऑक्टोबर 2025

बऱ्याच दिवसांनी येतेय, अनेकांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं म्हणून सगळं इथेच लिहिते.

जुलैत लेआउट मंजुरीला दिला, ऑगस्टमध्ये मिळाला. डक्टवाला यांचा उलटा आराखडाच आम्ही घेतला. सिरप आणि कॅप्सूल काढल्यावर, चौदा उत्पादनांपैकी अकरा गोळ्या ठेवल्यावर, खर्च 2 कोटी 90 लाखांवर आला. बँकेचा हप्ता अनुदान न धरता बसवलाय. सप्टेंबरच्या त्या भयंकर पावसात आठवडाभर काम थांबलं. आमच्या चार कामगारांच्या गावी शेतातली मातीसुद्धा वाहून गेली, त्यांना पगारी सुट्टी दिली. छप्पर तोवर बसलं होतं. आत एक थेंब आला नाही.

बाबांशी सिरपबद्दल बोलायला मला सप्टेंबर उजाडला. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, नेहमीप्रमाणे सिरपच्या टाकीलाही त्यांनी झेंडूचा हार घातला. आणि त्याच आठवड्यात छिंदवाड्याची बातमी आली. लहान लेकरं, कफ सिरप, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल 48 टक्क्यांहून जास्त. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. थोड्या वेळानं उठून सिरप सेक्शनमध्ये गेले, मी मागोमाग गेले. टाकीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, तीस वर्षांत आपल्या एकाही बाटलीनं कुणाला त्रास दिला नाही. पण आपण नशीबवान होतो का बरोबर होतो, हे मला आज सांगता येत नाही. मग हार काढला आणि स्विचबोर्डचा मेन ओढला.

वैध बॅचेसचे कागद आणि सँपल मुदतीनंतरच्या वर्षापर्यंत ठेवू, त्यासाठी जुन्या ब्लॉकमधली एक खोली राखलीय. बाजारातल्या सिरपच्या प्रत्येक बॅचमधल्या ग्लायकॉलचं राखून ठेवलेलं सँपल पुन्हा बाहेरच्या लॅबला पाठवलं. सगळे अहवाल आले, मर्यादेत आहेत. बाबांनी प्रत्येक अहवालावर तारखेसकट सही केली.

माणसांबद्दल सांगते. सिरपच्या नऊ जणांपैकी सहा गोळ्यांकडे आले, दोघांनी पूर्ण हिशेब घेऊन गाव गाठलं, एक आता पाण्याच्या प्लांटवर आहे. नवीन कॉम्प्रेशन मशीनच्या स्क्रीनवरच्या सूचना आम्ही मराठीत लिहून, नियंत्रित प्रत म्हणून क्यूएच्या सहीनं लावल्यात. 1991 वाले ऑपरेटर आता दोघा नव्या पोरांना ते वाचून दाखवतात.

31 डिसेंबरपर्यंत सगळं क्वालिफिकेशन (यंत्रणा नीट चालतात याची कागदोपत्री तपासणी) होईल असं मला वाटत नाही. व्हॅलिडेशनच्या तीन बॅचेस जानेवारीत जातील. म्हणून 1 जानेवारीपासून, पूर्ण होईपर्यंत, आम्ही उत्पादन थांबवणार आहोत. टेंडरवाल्यांना आजच पत्र दिलं. तेवढ्या काळाचा पगार बाजूला काढून ठेवलाय.

पॅकिंग_लाईन दादा, हे वाचत असाल तर. ब्लिस्टर मशीनला सील हातानं ओळखणारा माणूस हवाय. पगार सध्या सिक्युरिटीपेक्षा फार जास्त देता येणार नाही.

गोदाकाठ, 12 ऑक्टोबर 2025

ताई, थांबवण्याचं पत्र आधी दिलंत, हे मोठं काम केलंत. जानेवारीत मी लोन लायसन्सचं बोलायला येतो. माझी माणसं बॅचच्या वेळी तिथे उभी राहतील, चालेल ना?

निशिगंध, 12 ऑक्टोबर 2025

चालेल काय, उभी राहायलाच हवीत.

जुना_निरीक्षक, 13 ऑक्टोबर 2025

बेटा, स्टोअरमध्ये ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे न उघडलेले ड्रम उरले असतील. पुरवठादाराला परत करताना प्रत्येक ड्रमचा नंबर, सील आणि वजन लिहून घे, पोच घे. अर्धे उघडे असतील ते कुणालाही, कितीही मागितले तरी, विकू नकोस.

निशिगंध, 13 ऑक्टोबर 2025

तीन सीलबंद होते, परत गेले, पोच फाईलला आहे. एक उघडा होता, तो ईटीपीवाल्यांशी (सांडपाणी प्रक्रिया करणाऱ्यांशी) बोलून विल्हेवाटीला दिला.

पॅकिंग_लाईन, 13 ऑक्टोबर 2025

ताई, वाचलं. मुलानं वाचून दाखवलं. सोमवारी सकाळी येऊ का, का दिवाळीनंतर?

निशिगंध, 13 ऑक्टोबर 2025

दिवाळीच्या आधीच या दादा. साडेआठला. गेटवर बाबा असतील.